सूतभर

दिव्यांची अमावस्या झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. फोनवरच त्यांनी सांगून ठेवलं होतं, "उद्या अवस हाय ताई, हत्याराला हात लावत नाय. परवा येतो." आमच्या आतल्या खोलीचं दार पावसानं फुगून बसलं होतं. लावलं की उघडायचं नाही, उघडलं की लागायचं नाही. आठ दिवस दाराखाली जुनी चप्पल सारून ते अर्धवट उघडं ठेवलं होतं. मिस्त्रींनी दार दोनदा ओढून पाहिलं, वरच्या बिजागरीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "चारशे होतील." मी म्हटलं, "साडेतीनशे घ्या." का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. चारशे जास्त वाटले होते असं नाही. मंडईत जुडी हातात घेतल्याबरोबर तोंडातून जसा कमी भाव निघतो, तसंच ते निघालं. ते क्षणभर थांबले, "बरं" म्हणाले आणि पिशवीतून रंधा काढला.

दार उतरवून त्यांनी गॅलरीत आडवं उभं केलं, पायाच्या दोन बोटांत धरलं आणि कडेवरून रंधा फिरवायला लागले. बाहेर पाऊस. आत त्या रंध्याचा एकसारखा आवाज, मोठा श्वास सोडल्यासारखा. रंध्याच्या तोंडातून ढलपी वळत वळत बाहेर यायची, त्यांच्या मनगटावर टेकायची आणि खाली पडायची. वीस मिनिटांत दार जागेवर बसलं, एका बोटानं लागायला लागलं. हात धुवायला ते आत आले आणि खिडकीपाशी थांबले. तिथं माझ्या लेकीचं अभ्यासाचं टेबल आहे.

"हे कुणी केलं?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. कौतुक केलं नाही, नावंही ठेवली नाहीत. उकिडवे बसले आणि टेबलाच्या खालून तळहात फिरवायला लागले, गुरांच्या डॉक्टरनं गाभण गाईच्या पोटावरून फिरवावा तसा. एका ठिकाणी हात थांबला. लेकीची पेन्सिल उचलून त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवली. पेन्सिल हळूच निघाली आणि घरंगळत कडेला आली. मला ते माहीत होतं. पावसाळा लागल्यापासून टेबलाला पोट आलं होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"किती दिस लागले?"

"अकरा रविवार."

"अकरा रविवार," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलल्यासारखं: "आमाला येवढा वेळ कोन देतंय, ताई."

त्यात तक्रार नव्हती. पण ते वाक्य माझ्या घरातून गेलं नाही.

हे टेबल करायचं ठरलं त्याला कारण होतं आधीचं टेबल. लेक पहिलीत गेली तेव्हा साडेसहा हजारांना एक घेतलं होतं. दिसायला गुळगुळीत, पांढरंशुभ्र, घरी येऊन माणसानं पाऊण तासात जोडून दिलं. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीतून ओल आली आणि त्याची खालची कड बिस्किट चहात बुडवल्यासारखी सुजली. स्क्रू घट्ट करायला गेले तर स्क्रू गोल फिरत राहिला, धरायला आत काही उरलंच नव्हतं. भुसा दाबून, त्यात डिंक घालून केलेला बोर्ड तो. लाकूड फुगतं आणि वाळलं की परत जागेवर येतं. तो बोर्ड फुगला की फुगलेलाच राहतो. तेव्हा मला हे कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की भाड्याच्या घरात, एका पगारात, दर दोन वर्षांनी साडेसहा हजार टाकणं परवडणार नाही. सागवानी टेबलाचा भाव विचारला, तर अठरा हजार. मग एके रात्री लेक झोपल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर टेबलाचं चित्र काढलं. चार पाय, चार पट्ट्या, वर एक फळी. एवढंच तर असतं टेबल, असं त्या रात्री वाटलं होतं.

लाकूड कसं विकत घेतात हेसुद्धा मला माहीत नव्हतं. भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेले तर पहिल्या वखारीत मालकांनी विचारलं, "किती घनफूट?" मी टेबलाचं माप सांगितलं. ते हसले नाहीत, बसायला सांगितलं आणि एका कागदावर गणित मांडून दाखवलं: लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिन्ही गुणायचे आणि 144 नं भागायचं, की घनफूट निघतात. इतकी वर्षं पुण्यात राहून, शाळेत घनफळाची शंभर गणितं सोडवून, त्या गणिताला पहिल्यांदा वास आला. कापलेल्या सागाचा वास, थोडा चामड्यासारखा, थोडा तेलकट. नवा साग माझ्या आवाक्यातला नव्हताच. पण वखारीच्या मागच्या बाजूला पत्र्याखाली जुनं लाकूड रचलेलं होतं, पेठांमधले वाडे पडतात तेव्हा निघतं ते: तुळया, खांब, चौकटी, खालून वाळवीनं खाल्लेले आणि वरून लोखंडासारखे. त्यातलं चौकटीचं एक उभं लाकूड मी घेतलं. 7 फूट लांब, 4 बाय 3. गुणून 84, भागिले 144, म्हणजे अर्ध्या घनफुटाहून थोडं जास्त. चौदाशे रुपये पडले. त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे तीन थर होते आणि साधारण माझ्या लेकीच्या उंचीवर पेन्सिलच्या बारीक आडव्या रेघा. कुठल्या तरी घरातल्या पोरांची उंची मोजलेली. ती बाजू तासायला मला फार जड गेलं. शेवटी त्यातला एक पाय मी तसाच ठेवला, रेघा आतल्या बाजूला करून.

वखारीतला आरा मशीनवाला मात्र त्याला हात लावेना. "आधी खिळे काढा. एक खिळा आत राहिला तर माझा पट्टा गेला." त्याचं बरोबर होतं. जुन्या चौकटीत बिजागरीच्या जागा असतात, तोरणाचे खिळे असतात, कॅलेंडरचे, मच्छरदाणीचे असतात. मी ते लाकूड रिक्षातून घरी आणलं आणि दोन संध्याकाळी खिळे उपसले. एकोणतीस निघाले. काही चौकोनी, हातानं घडवलेले, डोक्याशी जाड आणि टोकाला निमुळते. ते मी बरणीत ठेवलेत. पुढच्या शनिवारी परत वखारीत गेले तेव्हा आरेवाल्यानं लाकडावरून लोहचुंबक फिरवला, मान हलवली आणि पाच मिनिटांत ते चिरून दिलं. आतून जो रंग निघाला तो मी विसरणार नाही. वरून राखाडी, मेलेलं दिसणारं लाकूड आणि आत मधासारखा पिवळसर तपकिरी, तेल सुटल्यासारखा, जणू काल तोडलंय.

फळीसाठी पॅलेट आणले, म्हणजे माल ज्यावर रचून पाठवतात ते लाकडी सांगाडे. भोसरीकडे कारखान्यांतून माल उतरला की लाकडी पॅलेट भंगारात निघतात. तीनशेला एक मिळाला, दोन घेतले. हल्ली बरेच जण पॅलेटचं काहीबाही करतात, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. पॅलेटवर शिक्का पाहून घ्यावा. परदेशातून आलेल्या पॅलेटवर आयपीपीसीचा, म्हणजे झाडांची कीड देशोदेशी पसरू नये म्हणून केलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा, शिक्का असतो आणि त्यात दोन अक्षरं. 'एचटी' असेल तर लाकूड भट्टीत तापवलेलं आहे, गाभ्यापर्यंत 56 डिग्री, किमान 30 मिनिटं, आतली कीड मरावी म्हणून. 'एमबी' असेल तर ते मिथाइल ब्रोमाइड नावाच्या विषारी वायूची धुरी दिलेलं आहे, ते घरात आणू नये. मुलांच्या वस्तूंसाठी तर नाहीच. आणि पॅलेटच्या फळ्या पहारीनं उचकटू नयेत. त्यांचे खिळे पिळाचे असतात, फळी फुटते पण खिळा सुटत नाही. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत लोखंड कापायची करवतीची पाती घालून खिळाच कापायचा. मी तीन फळ्या फोडल्यावर हे कळलं.

हत्यारं बोहरी आळीतून घेतली. एक करवत, एक लोखंडी रंधा, लाकूड कोरायला दोन पटाश्या, काटकोन बघायला एक गुण्या. ड्रिल मशीन दिरांचं. दुकानदार प्रत्येक वस्तू देताना विचारत होते, "कुणासाठी पाहिजे?" मी "मलाच" म्हटल्यावर त्यांनी पुढं ठेवलेली पटाशी मागं घेतली आणि आतून दुसरी काढून दिली. "ही घ्या, हिला धार टिकते." त्या दुकानात त्यांनी मला दिलेला मान मला अजून जपून ठेवावासा वाटतो.

काम गच्चीवर, रविवारी सकाळी दहा ते एक. शेजारच्या आजींना दुपारची झोप लागते, म्हणून एकनंतर ठोकाठोकी नाही. पहिले दोन रविवार रंधा शिकण्यात गेले. पाइनच्या फळीवर रंधा उलट्या दिशेनं मारला की लाकूड ओरबाडलं जातं, मांजरानं सोफा ओरखडावा तसं. फळी फिरवून दुसऱ्या बाजूनं मारला की तोच रंधा सरसर जातो. लाकडाला जाण्याची दिशा असते आणि ती डोळ्यांना दिसायच्या आधी हाताला कळते. मी कागदांवर काम करणारी बाई. दिवसभर प्रुफं तपासते. माझ्या हाताला आजवर पेन आणि पोळपाट यांपलीकडे काही कळत नव्हतं. तिसऱ्या रविवारी जेव्हा पहिली अखंड ढलपी निघाली, फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उजेडात धरली तर पलीकडचं दिसेल इतकी पातळ, तेव्हा मी ती लेकीच्या वहीत ठेवली.

फळ्या एकमेकींना चिकटवायच्या तर दोन्ही बाजूंनी आवळून धरायला क्लॅम्प लागतात. तेवढे पैसे नव्हते. मग मला बाज आठवली. आजोळी बाज सैल पडली की दोरीत काठी घालून पीळ द्यायचे. तसंच केलं. सहा फळ्या शेजारी शेजारी लावल्या, कडांना फेविकॉल, सुताची दोरी दोन ठिकाणी गुंडाळली, दोरीत लाटणं घालून पिळलं. मधून फळ्या उचलू नयेत म्हणून वर पाटा, वरवंटा आणि तांदळाचा डबा. रात्रभर ते गच्चीच्या जिन्यात तसंच होतं. सकाळी दोरी सोडली तर सहा फळ्यांची एक फळी झालेली. मी तिच्यावर उभी राहून पाहिलं.

आजोळचं घर संगमेश्वर तालुक्यातलं. मी सात-आठ वर्षांची असताना आजोबांनी मामाच्या लग्नासाठी पलंग आणि नवा देव्हारा करायला काढला. लाकूड घरचंच, फणसाचं. परसातला एक फणस वादळात कलला होता, तो तोडून त्याचे ओंडके गोठ्याच्या माळ्यावर चार वर्षं ठेवले होते. "लाकूड मुरायला हवं," आजोबा म्हणायचे, लोणच्याबद्दल बोलावं तसं. मेस्त्री रोज सकाळी दोन मैल चालत यायचे, खांद्यावर करवत, पिशवीत लाकूड तासायला वाकस, पटाश्या. ओसरीवर त्यांचं काम चालायचं. पाच आठवडे. कुणी विचारायचं नाही की कधी होणार. कापलेला फणस हळदीसारखा पिवळाधमक होता. आजी म्हणायची, बघ, हा हळूहळू लाल होत जाईल. आणि झाला. तो देव्हारा आज चिंचेच्या रंगाचा आहे.

मला तिथं एक काम होतं. ओंडक्यावर सरळ रेघ मारायची तर मेस्त्री एक लांब सूत काढायचे आणि पातळ कालवलेल्या कावेतून ओढून घ्यायचे. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. "ताणून धर गो बाय, हलवू नको." मी जीव खाऊन धरायची. ते मधोमध चिमटीत सूत उचलायचे आणि सोडून द्यायचे. फट्ट आवाज व्हायचा आणि त्या ओबडधोबड लाकडावर एका क्षणात तांबडी, सरळ रेघ उमटायची. माझ्या फ्रॉकवरही उडायचे लाल शिंतोडे. सुताराला सुतार म्हणतात ते या सुतावरून, हे मला पुढं फार वर्षांनी कळलं. मूळ शब्द सूत्रधार. नाटकातला सूत्रधार आणि ओसरीवरचा मेस्त्री एकाच शब्दाचे. आणि सुतारांच्या मापात इंचाचा आठवा भाग, तोही सूतच. "दोन सूत कमी घे", "एक सूत वर आहे". ज्या धाग्यानं रेघ मारायची त्याच्याच नावाचं सगळ्यात लहान माप. मला या शब्दाचं फार सुख वाटतं.

त्या ओसरीबद्दल लिहायला बसले की ऊर भरून येतो. सरस तापवला की सुटणारा उग्र वास, आजीनं न्हाणीच्या चुलीसाठी भरून ठेवलेल्या ढलप्यांच्या टोपल्या, त्या ढलप्यांवर तापलेल्या पाण्याला येणारा गोडसर धूर. पण एक गोष्ट आहे, जी मी बरीच वर्षं आठवणीतून वगळत होते. मेस्त्री जेवायचे ते ओसरीवर, एकटे. आतल्या पंगतीला नाही. पंगतीला मांडलेले पाट त्यांच्याच वडिलांनी केलेले होते. मी सात वर्षांची होते आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. त्यांना वेळ भरपूर दिला आमच्या घरानं. मजुरी ठरल्याप्रमाणे, वर भाताचं मापटं आणि नारळ. पण त्यांनी केलेल्या पाटावर ते कधी बसले नाहीत. मिस्त्रींचं "वेळ कोन देतंय" ऐकल्यावर मला आधी ते सूत आठवलं, आणि त्याच्या मागोमाग हे.

वहीच्या मागच्या पानावर, टेबलाच्या चित्राखाली, मी हिशेब लिहिलेला आहे. पॅलेट सहाशे, रिक्षा अडीचशे, साग चौदाशे. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या मिळून सोळाशे ऐंशी. स्क्रू, फेविकॉल, पॉलिश पेपर पाचशे चाळीस. चपडी लाख आणि स्पिरिट तीनशे ऐंशी. एकूण 4850. खाली दुहेरी रेघ. मी तो हिशेब किती जणांना दाखवला होता! अठरा हजारांचं टेबल पाच हजारांत. ऑफिसात, भिशीत, नणंदेला. मिस्त्री गेले त्या रात्री मी ती वही परत काढली. अकरा रविवार, तीन-तीन तास, म्हणजे तेहेतीस. सुताराचे चार दिवस. आमच्या भागात सुताराची हजरी अकराशे आहे. तेवढे धरले तर चार हजार चारशे, आणि त्याचा हात माझ्यापेक्षा तिप्पट चालतो हे सोडून देऊ. म्हणजे टेबल स्वस्त झालं ते नुसतं लाकूड जुनं होतं म्हणून नाही. माझे तास मी फुकट धरले म्हणूनही. माझा वेळ माझा आहे, तो मी गच्चीवर उन्हात बसून एका कडेवर घालवू शकते. कुणी मला विचारत नाही की कधी होणार. आणि ज्याचं हे काम आहे, ज्याच्या बापानं त्याला हे शिकवलं, त्याच्या वेळातले पन्नास रुपये मी दारातच कापले.

घरी फर्निचर करायला बसणाऱ्या कुणालाही मी आजही सांगेन की करा. पैसे वाचोत न वाचोत, करा. हातानं एक कड सरळ केली की घरातल्या सगळ्या कडा दिसायला लागतात. खुर्चीचा पाय कुठं जोडलाय, दाराची चौकट कोपऱ्यात कशी बसवलीय, कुणी घाई केली, कुणी केली नाही. पण हिशेब मांडताना तासांचा रकाना मोकळा ठेवू नका.

त्या दिवशी पुढं काय झालं ते राहिलंच. मिस्त्री म्हणाले, "पालथं करू का?" आम्ही दोघांनी मिळून टेबल चादरीवर पालथं केलं. पायांच्या जोडाला मी कुसू काढायचा प्रयत्न केला होता. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला तेवढंच भोक. चारातले दोन बरे बसले, दोन सैल झाले, म्हणून त्यात सागाच्या पाचरी मारल्या होत्या. मिस्त्रींनी एका पाचरीवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. "पंधरा-सोळा वर्सं झाली," ते म्हणाले, "मी कुसू काढलेला नाय. आता सगळं पलायवूड. आठ बाय चारची शीट, मशीनवर कापायची, सनमायका चिकटवायचा, पट्टी मारायची. फुटावर पैसे. कुसू काढत बसलो तर फूट कधी भरायचा?" त्यांचे वडील भोरकडे बैलगाड्या करायचे. चाकाचे आरे बसवायचे. त्यांनी धाकटेपणी वडिलांच्या हाताखाली किती कुसू काढले असतील, त्याची गणती नाही.

मग त्यांनी माझी चूक दाखवली. फळी बसवताना मी आतून पट्ट्या लावल्या होत्या आणि त्यांतून वर बारा स्क्रू आवळून मारले होते. जेवढे घट्ट तेवढं चांगलं, असं वाटून. टेबल झालं ते उन्हाळ्याच्या तोंडावर, फळी कोरडी, आकसलेली. पाऊस आला, फळी आडवी फुगायला लागली. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, रुंदीला वाढतं. दोन फुटांची फळी पावसाळ्यात दोन-अडीच सूत जास्त रुंद होऊ शकते. तिला बाजूला सरकायला जागा नाही, कारण बारा स्क्रू. मग ती जाणार कुठं? वर. "लाकूड मेलं तरी श्वास घेतं, ताई. तुमी त्याला हलायला जागाच ठेवली नाय." त्यांनी हे अगदी साधेपणानं सांगितलं, औषधाची वेळ सांगावी तसं.

माझी पटाशी त्यांनी मनगटाजवळच्या केसांवर लावून पाहिली आणि बाजूला ठेवली. स्वतःची काढली. तिची मूठ हातानं इतकी वापरलेली होती की लाकडाला बोटांच्या जागा पडल्या होत्या. मधले स्क्रू त्यांनी तसेच ठेवले. कडेचे काढले आणि पट्टीतली त्यांची भोकं पटाशीनं एकेक करून लांबट केली, फळी ज्या दिशेनं सरकते त्या दिशेला. हातोडी नाहीच, नुसत्या तळहाताच्या टेकूनं. लाकडाचा एकेक दाणा निघत होता. लेक शाळेतून आली आणि दप्तर पाठीवर तसंच ठेवून शेजारी बसली. त्यांनी तिला टॉर्च धरायला दिली. "हलवू नको हां." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि माझ्या हाताला कावेतल्या सुताचा ताण जाणवत होता.

स्क्रू परत लावताना त्यांनी ते पूर्ण आवळले नाहीत. शेवटी कानावरची पेन्सिल काढली आणि फळीच्या खालच्या अंगाला, चौकटीच्या पट्टीला अगदी लागून, एक रेघ मारली. "ही बघत ऱ्हावा. थंडी सरली की कळंल."

चहा त्यांनी उभ्यानंच घेतला, कपडे भुशाचे आहेत म्हणून. मी खुर्ची पुढं केली, पण बसले नाहीत. मी पाचशेची नोट दिली. त्यांनी खिशातून दीडशे काढून माझ्या हातावर मोजले. मी म्हटलं, असू द्या, टेबलाचं काम केलंत, अर्धा तास गेला तुमचा. "साडेतीनशे ठरलेत ना," ते म्हणाले. "त्याचं काय घ्यायचं? बघवलं नाय म्हणून केलं." आणि पिशवी उचलून जिना उतरून गेले. घाईत होते, कोंढव्याला एक किचन अर्धवट पडलं होतं.

खंडेनवमीला मी माझी हत्यारं पाटावर मांडली. रंधा, करवत, दोन पटाश्या, गुण्या. झेंडूचं फूल, हळदकुंकू. ती बरणीतली चौकोनी खिळ्यांची मूठही ठेवली. मिस्त्रींना फोन करावा असं मनात होतं. नंबर काढला, पण काय म्हणायचं ते सुचेना. दार नीट आहे, दुसरं काही काम नाही, आणि पन्नास रुपये द्यायचे राहिले म्हणून फोन केला असं म्हणणं मला जमलं नाही. ते पन्नास रुपये अजून माझ्याकडेच आहेत.

परवा होळी झाली. हवा आता कोरडी पडलीय, ओठ फुटतात, पोळ्यांना तासाभरात वातडपणा येतो. पेन्सिल टेबलाच्या मधोमध ठेवली की तिथंच राहते. रात्री लेक झोपल्यावर मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले, पाठ फरशीला टेकवली आणि वर पाहिलं. रेघ पट्टीला लागून नव्हती. फळी आत आली होती आणि रेघेला घेऊन आली होती. पट्टी आणि रेघ यांच्यामध्ये उघडं, कोरं लाकूड दिसत होतं. मी गुण्याची पट्टी लावून मोजलं. बरोबर एक सूत.